स्टेरॉइड सोडताना वेळेचे गणित

दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाला औषध कमी करण्याचा आराखडा लिहून दिला जातो, तेव्हा त्याचे सारे लक्ष मिलिग्रॅमच्या आकड्यांवर खिळलेले असते. या आठवड्यात वीस, पुढच्या आठवड्यात पंधरा, मग दहा. त्याच कागदावर 'सकाळी नाश्त्यानंतर' असेही लिहिलेले असते. ही सूचना केवळ पोटाला जपण्यासाठी असावी, अशी समजूत करून घेऊन अनेक जण ती सैलपणे पाळतात. सकाळच्या घाईत गोळी राहिली तर ती रात्री जेवणानंतर घेतली जाते. रात्रीचे दुखणे सोसवत नाही म्हणून कोणी सकाळची गोळी मोडून अर्धी रात्रीसाठी ठेवतो. मात्रा तीच आहे, मग वेळ बदलल्याने काय बिघडणार, असा या मागचा साधा हिशेब असतो.

प्रत्यक्षात औषध सोडण्याच्या काळात वेळेला मात्रेइतकेच महत्त्व असते. सकाळी घेतलेली पाच मिलिग्रॅमची गोळी आणि मध्यरात्रीच्या सुमारास घेतलेली तीच गोळी शरीराच्या दृष्टीने सारखी नसते. पहिली गोळी मंदावलेल्या ग्रंथीला पुन्हा कामाला लागण्यास वाव देते. दुसरी तिला आणखी एक दिवस निष्क्रिय ठेवू शकते. हा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेतले तर डॉक्टरांची सूचना पाळणेही सोपे जाते.

चमत्कार आणि त्याची किंमत

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. रक्तदाब टिकवणे, रक्तातील साखर राखणे, दाह आटोक्यात ठेवणे आणि आजारपण, जखम किंवा शस्त्रक्रियेचा ताण सोसणे या सर्वांसाठी ते लागते. या ग्रंथी निकामी झाल्यास काय होते, याचे वर्णन थॉमस ॲडिसन या ब्रिटिश वैद्याने १८५५ मध्ये केले होते. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९४८ च्या सप्टेंबरमध्ये, अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला एडवर्ड केंडॉल यांनी वेगळे केलेले संयुग टोचले. हेच पुढे कॉर्टिसोन म्हणून ओळखले गेले. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधील ताडेउश राइखश्टाइन यांना विभागून मिळाले.

या चमत्काराची दुसरी बाजू दिसायला वेळ लागला नाही. संधिवातासाठी कॉर्टिसोन घेणाऱ्या एका तरुण रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब कोसळून मृत्यू झाल्याचा अहवाल १९५२ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसलेल्या होत्या. बाहेरून मिळणाऱ्या औषधावर विसंबून राहिलेले शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे विसरले होते आणि नेमक्या गरजेच्या वेळी ते उपलब्ध नव्हते. दीर्घ उपचारानंतर स्टेरॉइड एकाएकी थांबवू नये, हा आज सर्वत्र पाळला जाणारा नियम अशा मृत्यूंतूनच आला आहे.

शरीराचे घड्याळ

कॉर्टिसॉलची निर्मिती तीन पायऱ्यांनी होते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पियुषिका ग्रंथीला संदेश देतो, पियुषिका एसीटीएच हे संप्रेरक सोडते आणि ते रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचून त्यांना कामाला लावते. रक्तात पुरेसे कॉर्टिसॉल जमले की त्याची खबर वर पोहोचते आणि वरचे दोन्ही थर हात आखडता घेतात. घरावरची टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा, तशी ही व्यवस्था असते.

हे काम दिवसभर एकाच गतीने चालत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास कॉर्टिसॉल नीचांकावर असते. पहाटे दोन-तीनपासून एसीटीएचच्या लाटा वाढू लागतात आणि सकाळी सहा ते आठच्या दरम्यान कॉर्टिसॉल शिखर गाठते. त्यानंतर दिवसभर ते उतरत जाते. झोपेतून उठून उभे राहणाऱ्या, कामाला लागणाऱ्या शरीराची ही पूर्वतयारी असते. या ग्रंथींच्या दैनंदिन चढउताराची नोंद ग्रेगरी पिंकस यांनी १९४३ मध्येच तरुणांच्या मूत्रतपासणीतून केली होती. शरीरातील अशा घड्याळांची पेशींच्या पातळीवरील यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सकाळच का?

प्रेडनिसोलोनसारखे औषध रक्तात पोहोचले की मेंदू त्याला कॉर्टिसॉलच समजतो आणि पंप बंद करतो. हा बंद होण्याचा क्षण कोणता, यावर पुढचे सारे अवलंबून असते. सकाळी आठच्या सुमारास गोळी घेतली तर शरीराची स्वतःची पहाटेची लाट येऊन गेलेली असते. पुढचे काही तास निर्मिती तशीही उताराला लागणार असते, त्यामुळे औषधाने तिला दाबले तरी फारसे नुकसान होत नाही. प्रेडनिसोलोनची रक्तातील पातळी दर दोन ते चार तासांनी निम्मी होते. पेशींवरील परिणाम मात्र बारा ते छत्तीस तास रेंगाळतो. म्हणजे कमी मात्रेत सकाळी घेतलेल्या गोळीचा दाब दुसऱ्या पहाटेपर्यंत बराच सैल झालेला असतो आणि पियुषिकेला पुन्हा लाट उठवण्याची संधी मिळते.

हीच गोळी रात्री झोपताना घेतली तर औषधाचा जोर नेमका पहाटेच्या लाटेवर येतो. निकोल्स, न्यूजंट आणि टायलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. डेक्सामेथासोनची अल्प मात्रा त्यांनी सकाळी, दुपारी आणि मध्यरात्री अशी वेगवेगळ्या वेळी देऊन पाहिली. मध्यरात्रीच्या मात्रेने जवळजवळ पूर्ण दिवसाची कॉर्टिसॉलनिर्मिती दाबली गेली. सकाळच्या मात्रेचा परिणाम मात्र तात्पुरता ठरला. सकाळच्या गोळीचा आग्रह धरण्यामागे हे शास्त्र आहे.

सकाळच्या वेळेचा आणखी एक लाभ आहे. संध्याकाळी वा रात्री घेतलेले स्टेरॉइड झोप उडवते, मन अस्वस्थ करते. नाश्त्यानंतर घेतल्याने पोटातील जळजळही कमी होते. 'नाश्त्यानंतर' म्हणजे नुसत्या चहानंतर नव्हे. पोळी, पोहे, उपमा असे काही तरी पोटात गेलेले असावे.

तरीही एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. मात्रा मोठी असेल, तर ती कोणत्याही वेळी घेतली तरी ग्रंथी दबतेच. सकाळची वेळ हे अभय नव्हे. तिचा खरा उपयोग मात्रा शरीराच्या नैसर्गिक गरजेच्या जवळ आल्यावर, म्हणजे आराखड्याच्या शेवटच्या आणि सर्वांत नाजूक टप्प्यात होतो.

मात्रा कशी उतरते?

दमा बळावला म्हणून पाच-सात दिवस किंवा कोविडच्या साथीत ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना दिले गेले तसे दहा दिवस स्टेरॉइड घेतले असेल, तर ग्रंथीच्या दृष्टीने ते सहसा हळूहळू उतरवावे लागत नाही. तीन ते चार आठवड्यांहून अधिक काळ, शरीराच्या गरजेपेक्षा जास्त मात्रा घेतलेल्या रुग्णात ग्रंथी दबली असल्याचे गृहीत धरले जाते. प्रौढाची ही नैसर्गिक गरज प्रेडनिसोलोनच्या हिशेबात दिवसाला साधारण चार ते सहा मिलिग्रॅम भरते. वीस मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, चार मिलिग्रॅम मिथाइल प्रेडनिसोलोन आणि सहा मिलिग्रॅम डिफ्लाझाकॉर्ट यांची ताकद ढोबळमानाने सारखी मानतात. त्यामुळे एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना नुसता आकडा पाहून चालत नाही.

युरोपीय आणि अमेरिकी अंतःस्रावशास्त्र संघटनांनी २०२४ मध्ये संयुक्त मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत दिलेला उतरणीचा क्रम असा आहे: चाळीस मिलिग्रॅमच्या वर असताना दर आठवड्याला पाच ते दहा मिलिग्रॅमची कपात, चाळीस ते वीसच्या दरम्यान आठवड्याला पाच, वीस ते दहाच्या दरम्यान एक ते चार आठवड्यांनी एक ते अडीच, आणि दहा ते पाचच्या दरम्यान एक ते चार आठवड्यांनी केवळ एक मिलिग्रॅम. हा सर्वसाधारण आराखडा आहे. मूळ आजार कोणता, तो किती शांत आहे, यावरून डॉक्टर त्यात बदल करतात.

पाचपर्यंत उतरताना मुख्य प्रश्न मूळ आजार उसळण्याचा असतो. पाचच्या खाली प्रश्न बदलतो. आता औषध शरीराची गरजही भागवत नाही. उरलेले कॉर्टिसॉल ग्रंथीने स्वतः बनवले पाहिजे. साठावरून दहापर्यंत भराभर आलेल्या रुग्णाला शेवटच्या पाच मिलिग्रॅमसाठी कित्येक महिने लागतात, याचे कारण हेच. १९६५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ग्रेबर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे आढळले, की दीर्घ दडपणानंतर प्रथम पियुषिका सावरते, तिचे एसीटीएच काही महिने सामान्यापेक्षाही जास्त राहते आणि आक्रसलेली अधिवृक्क ग्रंथी त्यानंतर हळूहळू भरून येते. ही सारी वाटचाल पूर्ण होण्यास नऊ महिन्यांहून अधिक काळ लागू शकतो.

दोन वेळांवरून एका वेळेकडे

आजार तीव्र असताना काही रुग्णांना स्टेरॉइड दिवसातून दोनदा किंवा तीनदा दिले जाते. दाह चोवीस तास दाबून ठेवण्यासाठी ते उपयुक्त ठरते. पण ग्रंथीलाही चोवीस तास विश्रांती दिल्यासारखे होते. म्हणून आजार आटोक्यात आला की विभागलेली मात्रा सहसा प्रथम सकाळच्या एका मात्रेत एकत्र केली जाते, संध्याकाळची गोळी आधी कमी होते आणि मग एकूण मात्रा उतरू लागते. भारतात कुष्ठरोगातील दाहक प्रतिक्रियेसाठी वापरला जाणारा रूढ आराखडा याचे सोपे उदाहरण आहे. त्यात प्रेडनिसोलोन चाळीस मिलिग्रॅमपासून सुरू होते, दर दोन आठवड्यांनी तीस, वीस, पंधरा, दहा आणि पाच असे उतरत बारा आठवड्यांत संपते. प्रत्येक टप्प्यावर मात्रा सकाळी एकदाच, काही खाल्ल्यानंतर द्यायची असते.

पन्नाशीनंतर खांदे आणि कंबर आखडवणाऱ्या पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका या आजारासाठी २०१५ मध्ये युरोप आणि अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांनी दिलेल्या शिफारशींतही दिवसाला एकच मात्रा पसंत केली आहे. अपवाद एकच नोंदवला आहे: मात्रा पाच मिलिग्रॅमच्या खाली आणताना रात्रीच्या वेदना प्रकर्षाने जाणवत असतील, तर ती विभागून देता येते. रुग्णाला रात्री गोळी हवीशी वाटते, त्यामागे कधी कधी खरे कारण असते. मात्र तो निर्णय डॉक्टरांशी बोलून झाला पाहिजे, औषधाच्या डब्यापाशी परस्पर नव्हे.

एक दिवसाआड मात्रा देण्याची पद्धतही जुनी आहे. हार्टर, रेड्डी आणि थॉर्न यांनी १९६३ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. दोन दिवसांची मात्रा एका सकाळी दिली, की मधल्या रिकाम्या दिवशी ग्रंथीला काम करावे लागते. लहान मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये आजही सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड सकाळी प्रेडनिसोलोन देण्याचा प्रघात आहे. मुलांच्या वाढीला त्यामुळे कमी बाध येतो. मोठ्यांच्या संधिवातात मात्र रिकाम्या दिवशी सांधे इतके दुखतात, की ही पद्धत अनेकांना झेपत नाही. शिवाय ती प्रेडनिसोलोनसारख्या मध्यम काळ टिकणाऱ्या औषधालाच लागू पडते. डेक्सामेथासोनचा परिणाम छत्तीस ते बहात्तर तास राहतो. ते सकाळी घेतले तरी पुढची पहाट सुटत नाही. म्हणून दीर्घकाळ डेक्सामेथासोनवर असलेल्या रुग्णाला ते सोडवताना आधी प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोनवर आणले जाते.

हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे प्रत्यक्ष कॉर्टिसॉलच. त्याचा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून दिवसाची मात्रा दोन किंवा तीन भागांत देतात: सर्वांत मोठा भाग उठल्याबरोबर, उरलेला दुपारी आणि शेवटचा झोपेच्या बराच आधी. शरीराच्या नैसर्गिक चढउताराची ही नक्कल असते.

जेव्हा पहाट महत्त्वाची ठरते

सकाळच्या नियमाला एक शास्त्रशुद्ध अपवाद आहे. संधिवाताच्या रुग्णांत दाह वाढवणारी रसायने पहाटे वाढतात. सांधे आखडण्याचा त्रास उठल्यावर सर्वाधिक असतो तो यामुळे. सकाळी आठला घेतलेली गोळी त्या मानाने उशिरा पोहोचते. यावर उपाय म्हणून रात्री दहाच्या सुमारास घेऊन साधारण चार तासांनी, म्हणजे पहाटे दोनच्या आसपास, विरघळणारी प्रेडनिसोनची खास गोळी तयार करण्यात आली. २८८ रुग्णांवर बारा आठवडे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. या गोळीने सकाळचा आखडलेपणा सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाला. नेहमीची गोळी सकाळी घेणाऱ्यांत तो जवळपास होता तेवढाच राहिला. परंतु साधी गोळी रात्री घेणे म्हणजे हा उपचार नव्हे. तिचा परिणाम लगेच सुरू होतो आणि झोप व ग्रंथी दोहोंवर भार पडतो.

रात्रपाळी करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. सुरक्षारक्षक, परिचारिका, कॉल सेंटरमधील तरुण यांची 'सकाळ' दुपारी उगवते. कायम रात्रपाळी असेल तर मुख्य झोपेतून उठल्यावर गोळी घेणे अधिक सयुक्तिक ठरते. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर मात्र डॉक्टरांना तसे सांगून एक वेळ ठरवून घ्यावी. शक्य असल्यास उतरणीच्या शेवटच्या टप्प्यात दिवसपाळी मागून घ्यावी.

तीन सारखे दिसणारे त्रास

मात्रा कमी होत असताना रुग्णाला गळून गेल्यासारखे वाटते, अंग दुखते, भूक मरते. याची तीन कारणे संभवतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा असतो. पहिले, मूळ आजाराने डोके वर काढणे. यात आजाराची स्वतःची खूण दिसते: संधिवातात सांधा सुजतो, दम्यात छाती वाजते, नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये लघवीतून पुन्हा प्रथिने जातात. दुसरे, मात्रा उतरल्याने शरीराला जाणवणारी उणीव. रक्तात कॉर्टिसॉल गरजेपुरते असूनही अनेक महिने मिळालेल्या जादा मात्रेची सवय सुटताना अंगदुखी, उदासी, थकवा येतो. अशा वेळी आधीच्या पायरीवर थोडे थांबून कपातीचा वेग कमी केला जातो.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे: ग्रंथी खरोखरच पुरेसे कॉर्टिसॉल बनवत नसणे. उभे राहताना चक्कर येणे, मळमळ, उलटी, पोटदुखी, वजन घटणे, रक्तदाब किंवा साखर कमी होणे ही त्याची लक्षणे. ती इतकी सामान्य वाटतात, की अशक्तपणा, पित्त किंवा उन्हाचा त्रास म्हणून सोडून दिली जातात. घरच्यांनी या काळात रुग्णाच्या थकव्याकडे 'आता औषध कमी झाले, चालायचेच' म्हणून दुर्लक्ष करू नये.

रक्ततपासणीची वेळ

ग्रंथी जागी झाली का, हे पाहण्यासाठी सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान रक्तातील कॉर्टिसॉल मोजतात. येथेही वेळ निर्णायक असते. दुपारी काढलेल्या रक्तातील कॉर्टिसॉल निरोगी माणसातही कमी असते. शिवाय प्रेडनिसोलोन काही तपासण्यांत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजले जाते. त्यामुळे शेवटची गोळी आणि रक्त काढणे यांत किमान चोवीस तास जावे लागतात. म्हणजे तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्यायचे, नंतर नाश्ता करून त्या दिवशीची गोळी घ्यायची. गर्भनिरोधक गोळ्यांतील इस्ट्रोजेनमुळे आकडा फसवा वाढतो, हेही आधी सांगितले पाहिजे.

२०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार हे कॉर्टिसॉल दहा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त असेल, तर ग्रंथी सावरली असे मानून औषध थांबवता येते. पाच ते दहाच्या दरम्यान असेल तर गरजेपुरती मात्रा चालू ठेवून काही आठवडे ते महिन्यांनी पुन्हा तपासतात. पाचपेक्षा कमी असेल तर वाट पाहणे अधिक लांबते. शंका राहिल्यास एसीटीएचचे इंजेक्शन देऊन ग्रंथीची क्षमता थेट पाहता येते.

आजारपणाचे दिवस

निरोगी शरीर ताप, अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी कॉर्टिसॉलची निर्मिती अनेक पटींनी वाढवते. दबलेली ग्रंथी ते करू शकत नाही. म्हणून गरजेपुरत्या मात्रेवर असलेल्या रुग्णाला ताप आला, तर ती मात्रा काही दिवस साधारण दुप्पट करण्याची सूचना डॉक्टर देऊन ठेवतात. ही सूचना आधीच लेखी मागून घ्यावी. डेंग्यू, मलेरिया, गॅस्ट्रोच्या दिवसांत तिची गरज अचानक पडते. औषध पूर्ण थांबल्यानंतरही काही महिने, कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना स्टेरॉइडचा इतिहास सांगणे आवश्यक असते.

उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, भोवळ येत असेल, रुग्ण गोंधळल्यासारखा वागत असेल, तर ते संकट समजावे. अशा वेळी शंभर मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणि सलाइन हाच जीव वाचवणारा उपचार असतो. त्याला तासांचा उशीर परवडत नाही. रुग्णालयात पोहोचताच 'हे दीर्घकाळ स्टेरॉइडवर आहेत' हे वाक्य सर्वांत आधी उच्चारले गेले पाहिजे. ब्रिटनमध्ये २०२० पासून अशा रुग्णांसाठी आणीबाणीचे कार्ड देण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि डॉक्टरांचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवली तरी तेच काम होते.

साखर आणि इतर औषधे

सकाळी घेतलेले प्रेडनिसोलोन रक्तातील साखर मुख्यतः दुपारच्या जेवणानंतर ते संध्याकाळपर्यंत वाढवते. पहाटेपर्यंत ती खाली येते. केवळ उपाशीपोटीची तपासणी करणाऱ्या रुग्णाला म्हणून सारे आलबेल वाटते. अशा रुग्णांनी दुपारच्या जेवणानंतरची साखर पाहिली पाहिजे. उलट स्टेरॉइड उतरत असताना इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिल्या, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. दोन्ही औषधांची मात्रा एकत्रितपणेच ठरवावी लागते.

क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधे प्रेडनिसोलोन शरीरातून लवकर बाहेर टाकतात. ती सुरू झाली, की कागदावरची मात्रा तीच राहते, परिणाम मात्र घटतो. इट्राकोनॅझोलसारखी काही बुरशीविरोधी औषधे स्टेरॉइडचा परिणाम वाढवतात. दम्याचा पंप, सांध्यातील इंजेक्शने आणि त्वचेवरची तीव्र मलमे यांतील स्टेरॉइडचाही हिशेब धरावा लागतो. आणखी एक धोका घटकांची नावे नसलेल्या पुड्यांचा. दोन दिवसांत गुडघेदुखी थांबवणाऱ्या अशा पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. ती घेणारा माणूस आपण स्टेरॉइडवर आहोत हे न जाणता एके दिवशी ती बंद करतो आणि आजारी पडतो.

रोजच्या अडचणी

सकाळची गोळी विसरली आणि दुपारी आठवली, तर ती त्याच वेळी काही खाऊन घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. नेहमीची मात्रा घेऊन क्रम पुढे चालवावा. गोळी घेतल्यावर अर्ध्या-एक तासातच उलटी झाली तर ती पुन्हा घ्यावी. तीही टिकली नाही तर डॉक्टर गाठावा. आतड्यात विरघळणारे आवरण असलेल्या गोळ्या मोडू नयेत. लहान कपातीसाठी कमी ताकदीच्या साध्या गोळ्या लिहून घ्याव्यात. प्रवासाला निघताना काही दिवसांचा जादा साठा हातातल्या पिशवीत ठेवावा, कारण दुकानात गोळी न मिळाल्याने पडलेला खंडही एकाएकी औषध थांबवण्यासारखाच असतो. शेवटच्या टप्प्यात कडक उपवास टाळावेत आणि उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. कॅलेंडरवर रोजची मात्रा लिहून घेतल्यावर खूण केली, तर डॉक्टरांनाही पुढचा निर्णय घेणे सोपे जाते.

स्टेरॉइडविषयी समाजात धास्ती आहे. या धास्तीपोटीच अनेक जण बरे वाटू लागताच ते परस्पर बंद करतात. औषधाचे दुष्परिणाम खरे आहेत, पण घाईने सोडण्याचा धोका त्याहून तातडीचा आहे. वर्षभर विश्रांती घेतलेली ग्रंथी एका रात्रीत उभी राहत नाही. तिला रोज पहाटे एक संधी द्यावी लागते, आणि ती संधी टिकवण्याचे काम 'सकाळी नाश्त्यानंतर' ही साधी सूचना करत असते.